कान्होबाच्या तीन दिवस आधी

लांजीहून आमगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या मराठी-हिंदी वस्तीच्या गावात दुपारची जेवणं आटोपली की पोटुशा बायका विमलाबाईच्या छपरीत येऊन बसतात. नुसतं बसायला कसंसं वाटतं, म्हणून कोणी सुपात तांदूळ निवडायला आणते, मोहाच्या दिवसांत कोणी वाळलेली मोहफुलं झटकायला. कोणाला माती खावीशी वाटते, कोणाची सासू पपईकडे बघूही देत नाही, कोणाला कळा किती तास आल्या, सगळं तिथे निघतं. ज्यांची दोन-तीन झालीत त्या पहिलटकरणींना घाबरवतात आणि मग पाठीवरून हात फिरवून हसवतात.

विमलाबाई पासष्टीची, अंगाने काटकुळी, पण पंजे चांगले रुंद. नवरा सुखराम उकव्याच्या मँगनीजच्या खाणीत होता, तो निवृत्त झाल्यावर दोघं गावी परतली. बाळंतिणीला आणि बाळाला चोळणं, न्हाऊ घालणं, शेकणं हे तिचं काम. तिला कोणी दाई म्हटलं की तिला राग येतो. बाळंतपण दवाखान्यातलं, आपलं काम त्याच्या नंतरचं, असं ती सांगते. त्या छपरीत सगळ्यांत कमी सल्ले तिचेच. रक्तवाढीची लाल गोळी चहावर घेऊ नको, लिंबाच्या पाण्यासोबत घे. पाय सुजले, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर घरात पडून राहू नको. बाळ दिवसातून किती वेळा फिरते त्यावर ध्यान ठेव. आणि पोटात जरा कळ आली की एकच, गाडी बोलाव. एकीची गाडी लांजीच्या दवाखान्यातून तीनदा परत आली, तरी चौथ्यांदा विमलाबाईचं तेच. बायका तिच्यासमोरच म्हणतात, "हिले शिंक आली सांगतलं तरी म्हणन, गाडी बोलाव." विमलाबाई हसते, पण आपला हेका सोडत नाही. 'थांब' हा शब्द तिच्या तोंडून पोटुशीला कधी जात नाही.

या छपरीत गेल्या वर्षी दिवाळीनंतर अपेक्षा येऊ लागली. दुर्पताबाईची सून, लांजीच्या राईस मिलमध्ये कामाला असलेल्या गजेंद्रची बायको. माहेर सालेकशाकडचं, पण तिथे आई नव्हती. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे, ती इथे मोडावी लागली. सगळ्या गेल्यावर अपेक्षा मागे रेंगाळायची आणि आईला विचारायच्या गोष्टी विमलाबाईला विचारायची.

सातव्या महिन्यात बालाघाटला सोनोग्राफी झाली. कागदावर लिहून आलं, दिवसांच्या मानाने बाळ लहान आहे. झालं, गावाने तिला खाऊ घालायचा विडाच उचलला. सकाळी तीळ-गुळाचे लाडू, दुपारी दूध, संध्याकाळी आणखी कोणाची तरी खीर. पोरगी ओकेपर्यंत खायची आणि वर बोलणी ऐकायची, की आजकालच्या पोरी खातच नाहीत, मोबाईल बघतात. कार्डावर बाळंतपणाची तारीख होती एकवीस एप्रिल. ती आली आणि गेली. छपरीतली एक म्हणाली, "त्याले आतून ऊन दिसून राह्यलं, काहून येईन बाहेर?" सगळ्या हसल्या. दुर्पताबाईला हसू आलं नाही. दहावा लागला, दहावा लागला, असं ती जो भेटेल त्याला सांगत होती.

पाच दिवस वर गेल्यावर प्रेमलता आली. ही आशाताई, परसवाड्याकडची, बोलायची हिंदीत, कामाला चोख. तिने कार्ड पाहिलं आणि बालाघाटच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. विमलाबाईने अर्थातच गाडी बोलवायला लावली, आणि या वेळी स्वतःही चढून बसली. पोरीची आई नव्हती, कोणीतरी हवं होतं.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती. तिने तपासलं, सोनोग्राफीचा जुना कागद पाहिला. बाळ लहान, दिवस उलटलेले. आज ठेवून घेऊ, उद्या सकाळी कळा यायचं औषध सुरू करू, नाही जमलं तर ऑपरेशन. गजेंद्र सही करून डबा आणायला गेला. दुर्पताबाई स्टुलावर बसली. विमलाबाई खाटेवर बसून अपेक्षाच्या पोटऱ्या चोळू लागली. मग तिने सवयीने पोटावर हात ठेवला, आणि तो तिथेच राहिला.

भरल्या दिवसांचं पोट तिने कितीतरी पाहिलं होतं. हे तसं वाटत नव्हतं. बाळ जोरात फिरत होतं, पाणीही भरपूर लागत होतं हाताला. हे सुकलेलं बाळ नव्हतं. हे न पिकलेलं होतं.

पण हातावर तिचा विश्वास नव्हता. तो तेवीस वर्षांपूर्वी उकव्याला उडाला. धाकटा दीर तेजराम आणि त्याची बायको जिजा तेव्हा तिच्याच घरी राहायचे. जिजाला सकाळी कळा सुरू झाल्या. खाणीची गाडी दाराशी उभी होती, बैहरच्या दवाखान्याकडे निघालेली. विमलाबाईची तीन मुलं घरीच झालेली, कामगारांच्या चाळीत चार बाळंतपणांना तिने हात लावलेला. तिने जिजाचं पोट चाचपलं आणि म्हणाली, पहिलं आहे, वेळ लागतो, थांबा. गाडी निघून गेली. दुसरी गाडी मिळाली तोवर दिवस मावळायला आला होता. जिजा वाचली. मूल रडलं नाही. तेजराम आजही दिवाळीला येऊन तिच्या पाया पडतो, आणि त्या दिवसाबद्दल त्या घरात कधीच कोणी काही बोललं नाही.

म्हणून आता तिने हात काढून घेतला आणि विचारलं, "अपेक्षा, तुले शेवटचं कधी आलतं?"

"कार्डावर हाये ना, मावशी."

"कार्डाले नाई इचारून राह्यली मी. तुले इचारून राह्यली."

अपेक्षाने सासूकडे, तिच्या मामीजींकडे, पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "कान्होबाच्या तीन दिवस आधी. बाजूले बसली होती मी. चवथ्या दिवशी डोक्यावरून न्हाली अन् पूजेले बसली. मामीजी म्हणे, बरं झालं, वेळेवर निपटलं."

विमलाबाईने बोटांवर मोजलं. कान्होबा म्हणजे गोकुळअष्टमी, ऑगस्टचा मध्य. कार्डावर शेवटच्या पाळीची तारीख होती पंधरा जुलै. मधे एक अख्खा महिना.

दुर्पताबाईला वाटलं आपल्यावर आळ येतो आहे. "मीच सांगतलं होतं प्रेमलताले," ती म्हणाली. "हे पोरगी लाजून आत गेली, मंग मीच सांगतलं. सावन, अंधेरे पाख की पंचमी. खोटं काहून सांगीन मी?"

ती खोटं बोललीच नव्हती. आपल्या मराठी माणसांचा महिना अमावस्येनंतर सुरू होतो, शेजारच्या हिंदी घरांचा पुनवेनंतर. उजेडाचा पंधरवडा दोघांचा एकच, पण अंधाराच्या पंधरवड्याला आपण जो महिना म्हणतो, त्याच्या पुढचा महिना ते म्हणतात. सणाला काही अडत नाही. अष्टमी दोघांचीही एकाच दिवशी येते, आपण तिला श्रावणातली म्हणतो, ते भादव्यातली. पिढ्या गेल्या, दोन्ही घरं भिंतीला भिंत लावून राहिली, कोणाला हिशेब करायची गरज पडली नाही. दुर्पताबाईने मनात मराठी श्रावण धरला आणि तोंडाने हिंदी बोलली. तिच्या छपरीत बियाण्याच्या दुकानातून मिळालेलं हिंदी कॅलेंडर टांगलेलं. मराठी कॅलेंडर आत, देवाजवळ. प्रेमलताने समोरचं पाहिलं, सावनातली काळी पंचमी शोधली, पंधरा जुलै लिहिली. खरी तारीख तेरा ऑगस्टची. पोरीचे दिवस उलटले नव्हते, तीन-साडेतीन आठवडे बाकी होते. बाळ लहान नव्हतं. बाळ आपल्या वयाएवढंच होतं.

दुर्पताबाईला हे समजायला विमलाबाईला दोनदा सांगावं लागलं. समजल्यावर तिने पदर तोंडावर धरला. थोड्या वेळाने म्हणाली, "मंग बाई, थांबाचं म्हणते का तू?"

विमलाबाई उठून बाहेर व्हरांड्यात गेली. समोर नळावर बायका पेले धूत होत्या. पोरीची आठवण चुकली असेल तर? कान्होबा आदल्या वर्षीचा असेल तर? आणि आपला हात, तो तर जिजाच्या वेळीही असाच ठामपणे बोलला होता. गप्प राहिलं तर उद्या सकाळी डॉक्टर आपलं काम करेल, काही झालं तरी विमलाबाईचं नाव कोणी घेणार नाही. तेवढा वेळ तिला गप्प राहणं फार सोपं वाटलं, हे तिने पुढे स्वतःच सांगितलं.

तिने प्रेमलताला फोन लावला. प्रेमलताने मोबाईलमध्ये मागच्या वर्षीची जन्माष्टमी पाहिली. मग आपली जुनी वही काढली. अपेक्षाच्या नोंदीत, पहिल्या भेटीला उलट्या नुकत्या सुरू झाल्याचं लिहिलं होतं. तारखेच्या हिशेबाने त्या तेव्हा थांबायच्या बेतात असायला हव्या होत्या.

"गलती मेरी है, मौसी," प्रेमलता म्हणाली. "मुझे लड़की से पूछना था. मैं मैडम को फोन करती हूँ, आप भी जाके बोलो."

डॉक्टर दुसऱ्या पेशंटजवळ होती. विमलाबाई दाराशी उभी राहिली आणि ती मोकळी झाल्यावर पुढे आली. तिची हिंदी उकव्याची, खाणीतल्या बायकांकडून शिकलेली. "मैडम, मैं रुको नहीं बोलती. मैं खाली तारीख बोलती. रुकने का, नहीं रुकने का, वो आप देखो."

आणि तिने कान्होबा सांगितला, पंचमी सांगितली, दोन कॅलेंडरं सांगितली. डॉक्टर मराठी नव्हती, पण बालाघाटला चार वर्षं काढलेली. तिने सातव्या महिन्यातला कागद पुन्हा उघडला, नव्या तारखेने आठवडे मोजले. बाळाचं माप बरोबर बसलं. तरीही तिने लगेच मान डोलावली नाही. उशिरा केलेल्या सोनोग्राफीवरून दिवस नक्की ठरत नाहीत, एकट्या आठवणीवरूनही ठरत नाहीत, असं ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा सोनोग्राफी झाली, पाणी पाहिलं, बाळाच्या ठोक्यांचा कागद निघाला. सगळं चांगलं होतं. औषध सुरू करायचं नाही असं ठरलं. आठवड्यातून दोनदा तपासायला यायचं, आणि फिरणं जरा कमी वाटलं तर तासाभरात गाडीत बसायचं.

पुढचे तीन आठवडे विमलाबाईला फार जड गेले. गावात जो तो विचारी, दवाखान्यातून तशीच काहून आणली? दुर्पताबाई दिवसा धीराची असायची, संध्याकाळी डळमळायची. विमलाबाई दोन वेळा अपेक्षाकडे जाऊन बसायची आणि बाळ फिरायची वाट बघायची. फिरलं की तुरीच्या डाळीचा एक दाणा वाटीत टाकायची. दहा झाले की उठायची. तिला जेवण जाईना. मजा म्हणजे अपेक्षा चांगली खाऊ लागली होती, कारण आता तिला कोणी खायला सांगत नव्हतं.

एकदा ती म्हणाली, "मावशी, मले आता भेव नाई वाटत. तुमीच काहून इतक्या घाबरता?"

तेव्हा विमलाबाईने तिला उकव्याचं सांगितलं. इतक्या वर्षांत छपरीत शेकडो बाळंतपणं बोलली गेली, हे एक तिने कधी काढलं नव्हतं. पोटुशीसमोर असलं बोलू नये, हे तिला कळत होतं, तरी तिने सांगितलं. अपेक्षाने मधे तोंड घातलं नाही. शेवटी विचारलं, "मंग जिजाकाकी आता कुठी असते?"

"गोंदियाले. दोन पोरं हायेत तिले. मोठा नोकरीले लागला."

"तुमी कधी बोलल्या तिच्याशी, याच्यावर?"

"काय बोलणार माय."

अपेक्षा वाटीतले दाणे बोटाने फिरवत राहिली. "माही आई असती अन् तिनं माह्या वेळेले अशी चूक केली असती," ती म्हणाली, "तर तिनं बोलावं, असंच वाटलं असतं मले. मी तर वाटच पाह्यली असती."

सतरा मेला पहाटे अपेक्षाला कळा सुरू झाल्या. गाडी आली, प्रेमलता सोबत गेली. विमलाबाईला जाता आलं नाही, दुसऱ्या घरी बारा दिवसांची बाळंतीण तिची वाट बघत होती. नऊच्या सुमारास तिथेच गजेंद्रचा फोन आला. मुलगी झाली. दोन किलो नऊशे. टाके पडले, पण ऑपरेशन नाही.

"रडली का?" विमलाबाईने विचारलं.

"हौ मावशी. अजून रडून राह्यली. ऐका."

त्याने फोन तिकडे धरला असावा. विमलाबाईने ऐकलं. मग फोन ठेवला, हात पुन्हा तेलात बुडवले, बाळंतिणीची पाठ पुरी केली, तिला ऊन पाणी घातलं, धुरी दिली, बाळाला टाळूवर तेल भरून तिच्या कुशीत दिलं. घरी आली तेव्हा ऊन चढलं होतं. सुखराम जेवायला थांबला होता. त्याला वाढून ती छपरीत येऊन बसली. बायका यायला अजून अवकाश होता.

तेजरामचा नंबर तिच्या फोनमध्ये होता, जिजाचा नव्हता. तिने तेजरामला लावला आणि जिजाला दे म्हणाली. तो काळजीत पडला, दादाले काही झालं का म्हणून विचारू लागला. काही नाही, दे, असं तिने सांगितलं.

"बोला, बाई," जिजाचा आवाज आला. मागे भांड्यांचा आवाज होता.

"जिजा, मले तुयाशी उकव्याचं बोलाचं हाये. त्या दिवशी मी थांबा म्हटलं होतं, त्याचं."

भांड्यांचा आवाज बंद झाला. मग खुर्ची ओढल्यासारखं काहीतरी ऐकू आलं.

"बोला," जिजा म्हणाली. "बसली मी."