नेणारी आणि जाणारी

टीचर चिडल्या की ओरडायच्या, आणि ते परवडायचं. खरी भीती त्या खूश असल्या की वाटायची. जवळ यायच्या, खांद्यावर हात ठेवायच्या, हलक्या आवाजात एखादं वाक्य बोलायच्या आणि समोरची बाई रुमाल शोधायला लागायची. मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "तुम्ही ब्लाउज सुंदर शिवता असं ऐकलंय. तेच करत राहा." डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं म्हणून मी नाचाच्या क्लासला गेले होते. घरी येऊन रडले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. अपमान करणारे आमच्या भिवंडीत पुष्कळ आहेत, पण इतक्या बेतशीर मापाचा अपमान मला दुसरीकडे कुठे मिळाला नाही, आणि मापाचं मला कळतं.

टीचर वसईच्या ख्रिस्ती. तिकडच्या लग्नांत लहानपणापासून वॉल्ट्झ नाचलेल्या. नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आल्या आणि एका लूमच्या कारखान्यावरच्या हॉलमध्ये बॉलरूम, म्हणजे जोडीने करायचा विलायती नाच, शिकवायला लागल्या. खाली माग खडखडायचे, वर फरशी थरथरायची. क्लास फक्त बायकांचा. आगरी घर असो की कोकणी मुसलमानांचं, आयांची अट एकच, मुलीने परक्या पुरुषाचा हात धरायचा नाही. टीचरना ही अट फार सोयीची वाटली. त्या म्हणायच्या, "पुरुष समोर असला की बायका नाचत नाहीत, नुसत्या दिसतात."

तेव्हा जोडी बाईबरोबर बाईची. एकीने पुढे न्यायचं, दुसरीने मागे जायचं. टीचर त्यांना 'नेणारी' आणि 'जाणारी' म्हणायच्या आणि एकदा ठरवून दिलेलं बदलू द्यायच्या नाहीत. जोडी तर नाहीच नाही. माझी जोडीदार शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. आम्हा दोघींकडे बघून टीचर म्हणाल्या होत्या, "तुम्ही दोघी फक्त कपाट हलवताय असं समजा."

त्यांचा जीव होता तो हर्षदा आणि तबस्सुमवर. म्हणजे सगळ्यात जास्त शिव्या त्या दोघींना. हर्षदा राहनाळच्या गोडाऊनवाल्यांची, उंच, नेणारी. तबस्सुम लूममालकाची मुलगी, जाणारी. मागे न बघता अशी जायची की भिंतच बाजूला होईल असं वाटावं. त्यांचं एकमेकींवर काय होतं ते मला विचारू नका. एकीला ताप आला की दुसरी क्लासला यायची नाही, एवढं मी पाहिलंय.

मग टीव्हीवर जोड्यांच्या नाचाची स्पर्धा आली. दोघींना पाठवायला घरची परवानगी मिळाली ती केवळ जोडी मुलींची म्हणून. तबस्सुमच्या वडिलांनी एवढंच विचारलं, "लडकी के साथ लडकी है ना? मग माझी ना नाही." कपडे मी शिवले, म्हणून स्टुडिओत मला मागच्या दाराने प्रवेश. पहिल्या भागात परीक्षक हसत होते. पुढच्या भागात हसायचे थांबले. त्यानंतर भिवंडीत मी रस्त्याने चालले की लोक मला अस्तराचा रंग विचारायला लागले.

आणि आला प्रेमाचा आठवडा. कानात यंत्र लावलेला एक तरुण निर्माता टीचरना समजावू लागला की या भागात दोघींना वेगवेगळा पुरुष जोडीदार द्यावा लागेल, प्रेक्षकांना जोडी बघायची असते. टीचर म्हणाल्या, "मग आत्तापर्यंत काय बघत होते, बैल?" पण त्याचं ठरलेलं होतं. तबस्सुमच्या वडिलांनी त्याच संध्याकाळी मुलीला घरी नेलं. भांडण नाही, काही नाही. अट मोडली, विषय संपला.

हर्षदाची गोष्ट निराळी. टीव्हीवर नाव झालं तशी तिच्या घरची अट सैल झाली होती. घरात शेजारच्या पूर्णा गावचं स्थळ वाट बघत बसलेलं. वडील म्हणाले होते, "टीव्हीवर हायेस तवर कुनी काय बोलनार न्हाय. भायेर पडलीस का साखरपुडा." तिला बाहेर पडायचं नव्हतं. क्लासमध्ये येऊन तिने सांगितलं, "टीचर, तबस्सुम नसली तरी मी करते." तबस्सुम कोपऱ्यात बुटाची नाडी बांधत होती. बांधतच राहिली.

टीचर म्हणाल्या, "कर." आणि हर्षदाच्या खांद्यावर हात ठेवला. मी आपला रुमाल काढून ठेवला.

हर्षदा जन्मात कधी मागे गेली नव्हती. मालिकेतला एक देखणा नट तिला जोडीदार म्हणून दिला होता. तालमीत तिने कसंबसं निभावलं. शूटिंगला दिवे लागले, संगीत वाढलं आणि तिच्या पायांनी जन्मभराचं तेच केलं. ती पुढे निघाली. तोही पुढे निघाला. गुडघ्यावर गुडघा आदळला, आणि मग हर्षदाने त्या नटाला धरून, गोडाऊनमधला माल हलवावा तसा, अख्ख्या स्टेजवरून उलटा नेला. परीक्षक टेबलावर डोकं ठेवून हसले. तो तुकडा महाराष्ट्रभर फिरला. माईक टीचरपुढे आला तेव्हा त्या गोड हसून म्हणाल्या, "मुलगी चुकली नाही. त्याला मागे जायला कुणी शिकवलं नाही, बिचाऱ्याला."

स्पर्धेतून बाहेर पडलेली हर्षदा क्लासला परत आली. टीचरनी गाणं लावलं आणि तबस्सुमला खूण केली. मधल्या काळात टीचरनी तिला गुपचूप नेणारीचं पाऊल शिकवलं होतं. तबस्सुमने हर्षदाला हॉलभर मागे मागे नेलं. एकदाही तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. गाणं चालू असतानाच मधोमध तिचा हात सोडला, बुरखा चढवला आणि जिना उतरून गेली. ती पुन्हा आली नाही.

हर्षदाने टीचरना विचारलं, "मी हरणार, हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"हो."

"मग मागे जायला शिकवलं का नाहीत?"

"तू विचारायला कुठे आली होतीस? तू सांगायला आली होतीस."

खाली माग चालूच होते.

गंमत पुढची. पूर्ण्याच्या स्थळाने नकार कळवला. ही मुलगी नवऱ्याला ओढत नेईल, असं त्यांचं म्हणणं. नाचण्याने साधलं नसतं ते फजितीने साधलं. आता हर्षदाचा स्वतःचा क्लास आहे, राहनाळलाच, वडिलांच्या एका रिकाम्या गाळ्यात. माझी भाची तिथे जाते आणि डोळे सुजवून घरी येते.

टीचर नवरा गेल्यावर वसईला परतल्या. मागे मी भेटायला गेले आणि हा सगळा वृत्तांत रंगवून सांगितला. त्या खूश दिसत होत्या, म्हणून मी जरा लांबच बसले. हर्षदा प्रत्येक मुलीला दोन्ही पावलं शिकवते, म्हटलं. त्यांनी मान हलवली. आणि जोडी रोज बदलते, म्हटलं. कितीही रडा, ओरडा, एकीचा हात दुसरीच्या हातात दुसऱ्या दिवशी राहू देत नाही.

टीचरची हलती मान थांबली. मग म्हणाल्या, "हे मी नव्हतं शिकवलं."