डावा हात खिशात

मी ऑर्केस्ट्रांना सामान भाड्याने देते, त्यामुळे द्वारका चौकातल्या एका ॲम्प्लिफायर दुरुस्तीवाल्याकडे सारखं जावं लागतं. काचेच्या व्हॉल्व्हचा जुना विलायती गिटार ॲम्प उघडला, की तो डावा हात खिशात घालतो आणि एकट्या उजव्या हाताने काम करतो.

"ताई, प्लग काढला तरी आत करंट राहतो. दोन्ही हात घातले तर छातीतून जातो," हे दर वेळी ऐकवतो. घाई केली की म्हणतो, "मग घरीच उघडा, पण आधी विम्याचा हप्ता भरा."

मध्यंतरी एकदा गेले, तर मोबाइलवर बातमी वाचत होता. हे ॲम्प बनवणाऱ्या विलायती कंपनीचे मालक बदलले होते. यापुढे व्हॉल्व्ह बंद, सगळं चिपवर. बिघडलं की नवीन घ्यायचं.

"म्हणजे उघडायचं कामच संपलं," तो म्हणाला. मग माझा ॲम्प पुढे ओढून त्याने मागची फळी काढली आणि दोन्ही हात आत नेले.

"अहो, हात!" मी ओरडले.

तो थांबला. डाव्या हाताकडे परक्यासारखं बघत त्याने तो सावकाश खिशात घातला.

हल्ली मी काम नसतानाही द्वारकेला जाते. दुकानात शिरताना आधी त्याचा डावा हात कुठे आहे ते बघते.