संगमरवराचा फणस

सुनंदाताई शेट्ये नव्या माणसाशी बोलण्याआधी त्याच्या घराच्या भिंतीशी बोलत. दारात चपला काढता काढताच उजव्या हाताचा तळवा भिंतीवर दोनदा थापटायच्या, म्हशीच्या पाठीवर थापटावा तसा, आणि मान कलती करून ऐकायच्या. जेद्दातल्या आमच्या फ्लॅटवर पहिल्यांदा आल्या तेव्हाही त्यांनी तेच केलं. मग माझ्या बायकोला म्हणाल्या, "पोकळ आहे गो. पण तू चहा ठेव, चहाला भिंत लागत नाही."

ताई मूळच्या देवरूखच्या. मुंबईत कलाशाळेत शिल्पकला शिकल्या, वर्गात मुलगी अशी ह्या एकट्याच. दगड उचलायची वेळ आली की मुलं मदतीला धावत आणि ह्या त्यांना हातोडा दाखवून परत पाठवत. पुढे लग्न झालं. शेट्येसाहेबांना समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पावर नोकरी लागली आणि संसार जेद्दाला आला. दोन मुलं, त्यांच्या शाळा, डबे, परीक्षा. छिन्न्या तेलाच्या फडक्यात गुंडाळून पलंगाखाली गेल्या. दर खंडेनवमीला त्या बाहेर निघत, त्यांना हळदकुंकू लागे, आणि पुन्हा पलंगाखाली. मुलं शिकून कॅनडाला गेली तरी हा क्रम चुकला नाही.

पण शिल्पकला ताईंच्या तोंडातून कुठे गेली नव्हती. हिवाळ्यातल्या शनिवारी सकाळी त्या आम्हा मराठी कुटुंबांना घेऊन जुन्या जेद्दातून, म्हणजे बलदमधून, पायी फिरवून आणत. काळ्या अबायाखाली पांढरे स्पोर्ट्स शूज, खांद्याला पाण्याची बाटली. ह्या फेरीत त्या जेद्दाचा इतिहास सांगत नसत, तो मंडळींनी फोनवर वाचावा असं त्यांचं मत होतं. त्या सांगत पाचशे वर्षांपूर्वीच्या फ्लॉरेन्समधल्या एका शिल्पकाराची गोष्ट. फ्लॉरेन्स त्यांनी स्वतः कधी पाहिलं नव्हतं.

"त्याचं नाव लांबलचक आहे, आणि मी ते चुकीचं उच्चारते असं माझा मुलगा म्हणतो," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "म्हणून आपण त्याला फ्लॉरेन्सकर म्हणायचं. आपल्याकडचाच वाटतो मग."

प्रवाळाच्या दगडांचं एक जुनं घर आहे, लाकडी जाळीच्या सज्ज्यांचं. तिथे फ्लॉरेन्सकरांचं बालपण सांगून होई. "आई आजारी, म्हणून बाळाला पाथरवटाच्या बायकोकडे दूध पाजायला ठेवलं. दुधाबरोबर छिन्नीपण पोटात गेली म्हणा." पुढच्या चौकात त्यांचं तरुणपण. फ्लॉरेन्सच्या धन्याच्या मुलाने त्यांना एकदा हिवाळ्यात बर्फाचा पुतळा करायला लावला होता. ही गोष्ट सांगताना ताई ठरलेल्या दुकानातून बर्फाचा गोळा घेत आणि तो हातात वितळत असताना म्हणत, "एवढा मोठा कलावंत, आणि काम काय, तर बर्फाचा बुवा! दुसरा असता तर रुसून बसला असता. ह्याने मन लावून केला. वितळला तर वितळला."

माझी मुलगी त्यांना इंग्रजीत प्रश्न विचारी, ताई देवरुखी मराठीत उत्तर देत, आणि दोघींचं कधी अडलं नाही. "फ्लॉरेन्सकर आंघोळ कधी करायचे?" असं कुणी विचारलं की खरं उत्तर देत, "फारशी नाही. बूटसुद्धा न काढता झोपत. हे मात्र घ्यायचं नाही त्यांच्याकडून."

फेरीच्या शेवटी आम्ही गाड्यांत बसून दगड बघायला जायचो. शहराच्या दक्षिणेला अबू फैसल नावाच्या सौदी गृहस्थांचा संगमरवराचा कारखाना होता. तिथे स्वयंपाकघरांचे ओटे आणि जिन्यांच्या पायऱ्या कापत. शेट्येसाहेबांच्या ओळखीने आम्हाला आत सोडत. कुंपणाच्या भिंतीला टेकून एक पांढरा ठोकळा वर्षानुवर्षं पडून होता. कामगार त्यावर चहाचे पेले ठेवत. ताई त्याच्यापाशी उभ्या राहून त्या प्रसिद्ध पुतळ्याची गोष्ट सांगत: गोफण घेतलेल्या त्या तरुणाचा दगडही असाच वाया गेलेला, आधीच्या शिल्पकारांनी अर्धवट बिघडवून टाकलेला, कित्येक वर्षं उन्हापावसात लोळत पडलेला. "सगळे म्हणाले, खलास. फ्लॉरेन्सकर म्हणाले, यल्ला, चला!" असं म्हणून त्या ठोकळ्यावर थाप मारत. तोही बद्द वाजे. आत कुठेतरी चीर होती.

अबू फैसल लांब खुर्चीवर कॉफी घेत बसलेले असत. त्यांचे मुकादम रशीदभाई, पेशावरचे, पण मराठी लोकांत राहून मराठी समजू लागलेले, त्यांच्या कानाशी अरबीत काहीतरी पुटपुटत असत. आम्हाला वाटे, धंद्याचं असेल. एका शनिवारी गोष्ट संपली, आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि रशीदभाई पुढे आले.

"ताईजी, शेख पूछ रहे हैं, हर हफ्ते आप खराब पत्थर की कहानी सुनाती हैं। खराब पत्थर तो ये भी है। आप कब शुरू करेंगी?"

म्हणजे रशीदभाईंच्या तोंडून अबू फैसल दर शनिवारी आमच्याबरोबरच गोष्ट ऐकत होते! सगळे हसले. ताई हसल्या नाहीत. त्यांनी स्वतःचे तळवे उलटेसुलटे करून पाहिले. शेवटी म्हणाल्या, "हात राहिले नाहीत हो आता तसे." रशीदभाईंनी भाषांतर केलं. अबू फैसल उठले, आत गेले, आणि एक जाड कातडी हातमोज्यांची जोडी आणून त्यांनी ती ठोकळ्यावर ठेवली. एक अट मात्र घातली. माणूस किंवा जनावर नको, बाकी मनाला येईल ते करा.

गाडीत ताई समुद्राकडे बघत बसल्या होत्या. मध्येच म्हणाल्या, "मंदार, आमचा फायनल एक्झिट उन्हाळ्यात आहे, कायमचं घरी जायचंय. साहेब रिटायर होतायत. मेला वेळ कुठे आहे?" मी म्हटलं, "मग नको म्हणून कळवू का?" त्या माझ्यावर केवढ्याने ओरडल्या! "नको कशाला? मी वेळ नाही म्हटलं, नको कुठे म्हटलं?"

काय करायचं हे ठरायला आठवडा गेला. मग एका संध्याकाळी शेट्येसाहेबांचा फोन आला. आवाज हताश होता. "फणस करतेय. खऱ्याच्या तिप्पट. माणूस नको, जनावर नको, म्हणून फणस. म्हटलं, अगं कमळ कर, मोर... मोर नाही चालणार, पण कमळ कर. तर म्हणते, कमळ कुणीही करेल."

ताईंनी पन्नाशी उलटल्यावर, इथे बायकांना परवाना मिळू लागला तेव्हा, गाडी शिकून घेतली होती. आता त्या रोज सकाळी गाडी घेऊन कारखान्यात जाऊ लागल्या. पहिल्या आठवड्यात हाताला फोड आले, दुसऱ्यात खांदा धरला. पण चेहऱ्यावर अशी काही तकाकी आली होती की इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला बायका क्रीमचं नाव विचारू लागल्या. "मार्बल पावडर," ताई म्हणाल्या. कामगारांपैकी कुणीच फणस पाहिलेला नव्हता. रशीदभाईंनी पहिले काही दिवस सर्वांना ते खजुराचं झाड आहे म्हणून सांगितलं, नंतर साळिंदर आहे म्हणून. तेव्हा अबू फैसल काळजीने पाहून गेले आणि ताईंनी फोनवर फणसाचे फोटो दाखवून त्यांची समजूत घातली. एकेक काटा त्या वेगळा कोरत. "फणसाचे सगळे काटे सारखे असते तर तो अननस नसता का झाला?" असं त्यांचं उत्तर.

एप्रिलमध्ये त्यांचा मला ऑफिसात फोन आला. "ये जरा," एवढंच बोलल्या. मी गेलो तर त्या सिमेंटच्या पोत्यावर बसल्या होत्या, हातोडा मांडीवर. ती आतली चीर उघडली होती. फणसाचा एक मोठा तुकडा, बारीक कोरलेल्या काट्यांसकट, निखळून जमिनीवर पडला होता. रशीदभाई मान खाली घालून उभे होते. शेट्येसाहेब माझ्याआधीच पोचले होते आणि बायकोच्या पाठीवर नुसता हात ठेवून उभे होते.

"राहू दे सुनंदा," ते म्हणाले. "झालं तेवढं पुष्कळ झालं."

ताईंनी मान हलवली. त्या फुटक्या बाजूकडे बघत राहिल्या. मग उठल्या, जवळ गेल्या, तळव्याने तो खडबडीत, उघडा पडलेला भाग चाचपला. थाप मारली. आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंस? आता खणखणीत वाजतोय. वाईट होतं तेवढं गेलं बघ."

"पण आता हा भोक पडलेला फणस..." मी म्हणालो.

"भोक काय रे! फोडलाय कुणीतरी. घरात पाहुणे आलेयत."

त्या फुटक्या बाजूला त्यांनी गरे कोरले. वरून काटेरी अख्खा फणस, आणि बाजूने उघडलेला, आत एकमेकांना चिकटून बसलेले गुळगुळीत, गोल गरे. काट्यांना त्यांनी खरखरीत ठेवलं आणि गऱ्यांना इतकं पॉलिश केलं की ते ओले वाटत. फुटण्याआधी तो नुसता हुबेहूब होता. आता तो कुणाला तरी वाढलेला होता.

जाण्याच्या आदल्या शनिवारी सगळे जमलो. अबू फैसलनी खजूर, कॉफी आणि अख्ख्या बकऱ्याची बिर्याणी मागवली होती. त्यांनी फणसाला तीन प्रदक्षिणा घातल्या, दाढी कुरवाळली आणि रशीदभाईंमार्फत मत दिलं: उत्तम आहे, पण वरच्या बाजूचे काटे अंमळ जास्त वाटतात.

ताई शांतपणे शिडीवर चढल्या. छिन्नी लावली, चार वेळा टकटक केलं, मुठीतून थोडी पांढरी भुकटी खाली सोडली आणि विचारलं, "आता?"

अबू फैसल मागे सरकून बघत म्हणाले, "आता एकदम बरोबर!"

परतताना गाडीत ताईंना हसू आवरेना. छिन्नी त्यांनी दगडाला लावलीच नव्हती, भुकटी आधीच मुठीत घेऊन त्या वर चढल्या होत्या. "फ्लॉरेन्सकरांची युक्ती आहे. त्या मोठ्या पुतळ्याचं नाक मोठं आहे म्हणाला होता एक साहेब, तेव्हा त्यांनी अस्संच केलं होतं. ही एक गोष्ट मी तुम्हाला मुद्दाम कधी सांगितली नाही. म्हटलं, लागली तर?"

फणस देवरूखला पाठवायची अबू फैसलची तयारी होती. ताई नको म्हणाल्या. "तिकडे फणसाला कोण विचारतो? इथेच त्याची किंमत." विमानतळावर त्यांच्या सामानात छिन्न्यांची पिशवी होती आणि ते कातडी हातमोजे. रडारड अजिबात झाली नाही. शेवटच्या क्षणापर्यंत त्या माझ्या मुलीला छिन्नी कुठल्या कोनात धरायची ते पाण्याच्या बाटलीवर दाखवत होत्या.

दोनेक महिन्यांनी घराच्या उंबऱ्याला एक पट्टी हवी होती म्हणून मी कारखान्यात गेलो. फणस आता फाटकाशी, रस्त्यावरून दिसेल असा ठेवला होता. एक केरळी ट्रकवाला इंजिन चालू ठेवून खाली उतरला होता आणि त्याच्यासमोर उभा होता. "चक्का," तो स्वतःशीच म्हणाला; मल्याळममध्ये फणसाला चक्का म्हणतात. त्याने काट्यांवरून हात फिरवला, इकडेतिकडे पाहिलं, आणि कुणी बघत नाही असं वाटून वाकला, गऱ्यांशी नाक नेलं आणि दीर्घ वास घेतला. मग मला पाहून खूप ओशाळला, हसला आणि पळत जाऊन ट्रकमध्ये बसला.

मी तिथूनच देवरूखला फोन लावला. ऐकून ताई "खरंच वास घेतला रे त्याने?" असं तीनदा विचारून हसत सुटल्या. पलीकडून शेट्येसाहेबांचा आवाज आला, "अगं, काय झालं एवढं?"

"काही नाही हो," ताई त्यांना म्हणाल्या, "फणस पिकला."