चवथीतला सर्वे

पंचायतीच्या सभागृहात त्या दिवशी घरपोच वृद्धसेवेची सभा भरली होती. समितीत आम्ही सात जण. सगळ्यांत तरुण सदस्य पासष्टीचा, आणि मी, निवृत्त शिक्षिका, एकाहत्तरची. तरी सभाभर आम्ही ‘त्या बिचाऱ्या म्हाताऱ्यांसाठी काहीतरी केलं पाहिजे’ असंच बोलत होतो. माजी सरपंच कानातलं यंत्र घरी ठेवून आले होते, कारण ते लावलं की वय दिसतं. त्यामुळे प्रत्येक ठराव दोनदा वाचावा लागला. घरी मालवणीत भांडणारे आम्ही सभेत ‘सदर योजनेअंतर्गत’ वगैरे शुद्ध बोलत होतो.

योजना मात्र चांगली होती. एका संस्थेची शिकलेली बाई आठवड्यातून तीनदा स्कूटरवरून येणार, अंथरुणाला खिळलेल्यांना आंघोळ घालणार, जखमा धुणार, गोळ्या वेळेवर घेतल्या का ते बघणार. गावात गरज किती, ते सर्वे करून आम्ही कळवायचं. सर्वे कधी करायचा याबद्दल कोणालाच शंका नव्हती. चवथीत! वर्षभर निम्म्या घरांना कुलूप, गणपतीत सगळी उघडी. शिवाय आरती-भजनाला घरोघर फिरणं होतंच, एका फेरीत दोन कामं. सगळ्यांनी बाकं वाजवली. ‘आधी विचार करा, मग हात वर करा’ असं जन्मभर मुलांना सांगणाऱ्या मीही वाजवलं.

पाच दिवस मी फॉर्म घेऊन फिरले आणि घरोघर काळ्या वाटाण्याची उसळ खाल्ली. फॉर्मवर मुख्य प्रश्न होता : घरात काळजी घेणारं कोणी आहे का? ओटीवर चपलांचा ढीग, आत झांजा वाजतायत, मुंबईहून आलेल्या सुना मोदक वळतायत. अशा घरात ‘नाही’ कोण म्हणणार?

माझ्या शेजारची काकी शहाऐंशीची. गेल्या वर्षी न्हाणीत पडली, तेव्हापासून तिला उठवून बसवायलाही माणूस लागतं. एरवी त्या घरात ती आणि तिची मांजर. एक बाई कामाला यायची, ती तोंडवलीच्या रिसॉर्टवर पाहुण्यांच्या खोल्या आवरायला जाऊ लागली. तेव्हा आंघोळ मीच घालायचे. मी फॉर्म काढला तेव्हा तिचे तिन्ही मुलगे मागे उभे होते.

“लिव गो बाये,” काकी म्हणाली. “तीन झील, तीन सुनो, पाच नातवंडां. माका काय कमी आसा?”

मी लिहिलं : अकरा. आदल्याच आठवड्यात तिच्या पाठीला साबण लावलेला हात तो. मग घरी येऊन माझा फॉर्म भरला. चवथीपुरते मुंबईहून आलेले मुलगा, सून, नात : तीन. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दिवाळीनंतर संस्थेचं पत्र आलं. गावातल्या ज्येष्ठांना कुटुंबाचा भक्कम आधार आहे, समितीचं अभिनंदन, आणि ही सेवा अधिक गरजू गावाकडे वळवण्यात येत आहे. ते अधिक गरजू गाव आमच्या शेजारचंच. तिथली समिती आळशी, त्यांनी सर्वे पुढे ढकलत ढकलत भातकापणीत केला. मुंबईकर तोवर परत गेले होते. आमचं पत्र फ्रेम करून पंचायतीत लावलं गेलं.

त्याच महिन्यात काकीला उचलताना माझं मनगट गेलं. डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि बादलीसुद्धा उचलू नका म्हणाले. काकी आठ दिवस बिनआंघोळीची पडून होती. खोलीत शिरलं की वास यायचा आणि ती तोंड भिंतीकडे फिरवायची. मला रडू यायचं, संतापही यायचा. तो काढायचा कोणावर? फॉर्मवरचं अक्षर माझंच होतं.

शेवटी संस्थेत फोन केला. तिकडची मुलगी म्हणाली, वाडीतून निदान दोन अर्ज आले तर बाईची फेरी लावता येईल. ‘घरात काळजी घेणारं कोणी नाही’ या ओळीखाली म्हाताऱ्या माणसाची स्वतःची सही हवी.

दुसऱ्या अर्जासाठी मी वाडीभर हिंडले. माजी सरपंचांना गुडघ्यामुळे पायरी उतरता येत नाही. पण माझा प्रश्न त्यांनी पहिल्याच फटक्यात ऐकला आणि म्हणाले, “आमच्याकडे सगळं व्यवस्थित आहे.” सगळीकडेच व्यवस्थित होतं.

दोन्ही कोरे अर्ज घेऊन मी काकीच्या खाटेशी बसले. तिने ओळ वाचून कागद मागे सारला.

“ह्या मी कसा लिवन दितलंय? लोक झिलांका काय म्हणतले?”

मी दुसरा अर्ज मांडीवर घेतला, पट्टा बांधलेल्या हाताने सावकाश माझं नाव लिहिलं, वय लिहिलं आणि त्या ओळीखाली सही केली. काकी चष्म्यातून बघत होती.

“गो, तूय?”

“होय काकी, मीय.”

तिने पेन मागितलं आणि पूर्ण नाव लिहून सही केली.

“झिलांका सांगू नको हां,” ती म्हणाली.

संस्थेची बाई आता सोमवार, बुधवार, शनिवार येते. आधी काकीकडे, मग माझ्याकडे. माझ्या मुलाला मीही अजून सांगितलेलं नाही.