उमाकांतने जिवंत ठेवलेली रिना

उमाकांतला खोटं बोलता येत नाही, असं अख्खी ब्राह्मणपुरी सांगेल. गावातल्या कृषी सेवा केंद्रात तो काउंटरवर उभा असतो. गिऱ्हाईक महागाचं औषध मागायला आलं की हा सांगणार, "काका, पपईवर व्हायरस शे, यानं काही व्हवाव नही, पैसा वाचाडा." आतून मालक कपाळावर हात मारून घेतो. पण गाव दुकानात गर्दी करतं ते याच माणसासाठी, म्हणून मालकही गप्प बसतो. असा हा नाकासमोर चालणारा माणूस आयुष्यात दोनदा मोठं खोटं बोलला, दोन्ही वेळा भिलाशी, आणि दुसऱ्या खोट्याने तर त्याची भूकच मारली.

भिला त्याचा बालमित्र. दोघे शहाद्याच्या कॉलेजात बरोबर होते, म्हणजे हजेरीला कॉलेजात आणि बाकी वेळ बसस्टँडजवळच्या नेटकॅफेत. त्या कॅफेवाल्याने कुठून तरी जुने जपानी खेळ आणून कॉम्प्युटरवर टाकले होते. मारामारीचे नव्हेत, गोष्टीचे. चार-पाच जणांची टोळी घेऊन गावोगाव फिरायचं, राक्षस मारायचे, माणसांशी बोलायचं, आणि महिनोन्‌महिने खेळल्यावर एखाद्या संध्याकाळी पायाखालची जमीन सरकायची. पहिल्याच खेळात, ज्या म्हाताऱ्या गुरूच्या सांगण्यावरून त्यांनी अर्धं जग पालथं घातलं, तो गुरूच शेवटी खरा वैरी निघाला. भिला खुर्चीवरून उठला तो कॅफेच्या बाहेरच जाऊन उभा राहिला. गावाकडे येताना जीपच्या टपावर बसून तो सगळा रस्ता म्हाताऱ्याला शिव्या देत होता, आणि मध्येच हसत होता. तेव्हापासून भिलाचा एक नियम झाला. पुढचं कुणी सांगायचं नाही. "घाव खाऊ दे माले," तो म्हणायचा. "घाव बसना नही तं गोष्ट कसानी?"

पुढे दोघांची लग्नं झाली, पोरंबाळं झाली, खेळ सुटला. भिला शेतीत रमला, आणि दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या विहिरीचं खोलीकरण करताना एक सुरुंग उशिरा उडाला. भिलाला सुरतेला नेलं. डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाली, टाके पडले, आणि डॉक्टरांनी घरच्यांना बजावलं की याच्या डोळ्यांत पाणी येता कामा नये. काहीही होवो, याला रडू द्यायचं नाही.

आणि नेमकी तेव्हाच त्याची बायको मंगला काविळीने गेली. घरचा माणूस सुरतेला, सगळ्यांचं लक्ष तिकडे. तिने स्वतःचं दुखणं अंगावर काढलं आणि उपचाराला नेईपर्यंत उशीर झाला. भिलाच्या चुलत्यांनी ठरवलं, त्याला कळवायचं नाही. पण फोनवर बोलणार कोण? ज्याच्या शब्दावर भिला डोळे मिटून विश्वास ठेवील असा माणूस हवा होता. तो गावात एकच होता.

"मंगला कशी शे?" भिला रोज विचारायचा.

"बरी शे."

"फोन दे बरं तिले."

"तिन्हा घसा बसेल शे," उमाकांत सांगायचा. शेजारी भिलाची पोरगी रूपा उभी असायची, बारावीला होती तेव्हा. तिच्याकडे बघत उमाकांत ओठांवर बोट ठेवायचा, आणि पोरगी ओढणीचा बोळा तोंडात कोंबून मोरीत पळायची.

डोळे काही वाचले नाहीत. भिला घरी आला तोवर तेरावं होऊन गेलं होतं. आपल्याकडे मयताच्या घरी माणसं दारावर येतात, ओट्यावर बसतात, घरच्यांबरोबर रडून घेतात. भिलाच्या वाटचं हे दार होऊन गेलं होतं. आलेली माणसं रडून, जेवून आपापल्या कामाला लागली होती. त्याला मंगलाचं सांगितलं तेव्हा तो नुसता "हां" म्हणाला आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. उमाकांतला त्याने एका शब्दाने विचारलं नाही. दोन शिव्या हासडल्या असत्या तर उमाकांतला बरं वाटलं असतं.

त्या न दिलेल्या शिव्यांनीच शेवटी, वर्ष-दीड वर्षाने, उमाकांतला पुन्हा खेळाकडे नेलं. तीसेक वर्षांपूर्वीचा एक जपानी खेळ कुणा हौशी लोकांनी इंग्रजीत आणला होता, तो त्याने मोबाइलमध्ये घेतला आणि दुकान सुटल्यावर भिलाच्या ओट्यावर जाऊन बसू लागला. मोबाइल दोघांच्या मध्ये ठेवायचा, हा खेळणार आणि अहिराणीत सांगणार, तो ऐकणार. पहिले काही दिवस भिला भिंतच झाला होता. मग एकदा खेळाने टोळीतल्या माणसांची नावं विचारली, आणि भिला आपणहून म्होरक्यासाठी म्हणाला, "त्याले दिवाल्या म्हन." तलवारवाला झाला करणसिंग. आणि मंत्र टाकून सगळ्यांच्या जखमा भरणारी जी पोरगी होती, तिचं नाव त्याने रिना ठेवलं.

रिना भारी पोरगी होती. वाट चुकायची, राजाला तोंडावर उलट बोलायची. करणसिंगाच्या मिशीवर तिचा डोळा होता. तिने मंत्र टाकला की मोबाइलमधून बारीक घुंगरांसारखा आवाज यायचा आणि भिला म्हणायचा, "वनी मन्ही डॉक्टरीन." पुढे काय होणार याचे तो अंदाज बांधायचा आणि झाडून सगळे चुकायचे. प्रधान दगा देणार म्हणाला, तर प्रधान यांच्यासाठी तुरुंगात गेला. राजकन्या खरी नाही म्हणाला, तर राजकन्या खरी आणि राजाच तोतया निघाला. भिला मांडीवर थाप मारून हसला. त्या दिवशी रूपाने दोन कप चहा जास्तीचा केला.

मग रविवारी दुपारी घरी बसून उमाकांत थोडं पुढे खेळला. खेळात मधूनमधून नुसत्या लढाया करून ताकद वाढवावी लागते, ते भिलासमोर कंटाळवाणं होईल म्हणून. नादात गोष्टही पुढे सरकली. एका धरणाचं दार आतून धरून ठेवायला कुणीतरी मागे राहायला हवं होतं, नाहीतर खालचं गाव वाहून गेलं असतं. दिवाल्या आणि करणसिंग भांडत बसले, मी राहतो, मी राहतो. ते भांडत असतानाच रिनाने दोघांना बाहेर ढकलून आतून दार लावलं. पाणी आलं. उमाकांतला वाटलं, येईल ती, असल्या गोष्टीत माणसं परत येतात. आली नाही. कालच तिच्यासाठी सगळा पैसा ओतून नवी काठी घेतली होती, तीही तिच्याबरोबर गेली. भरल्या ताटावरून उठावं तशी गेली पोरगी.

उमाकांत मोबाइल पालथा घालून बसला. हे भिलाला सांगायचं? आपल्या तोंडानं? मंगलाला बरी आहे म्हणणाऱ्या तोंडानं आता रिना मेली म्हणायचं? चांगला हसायला लागलाय माणूस, त्याने स्वतःला समजावलं. संध्याकाळी ओट्यावर तो सांगत गेला, की रिनाने दार लावलं खरं, पण धरणाच्या पोटात एक भुयार होतं, त्यातून ती ओली चिंब होऊन बाहेर आली आणि आल्या आल्या करणसिंगाला म्हणाली, मिशी भिजली का?

भिलाने मोबाइलच्या दिशेला कान केला. मग म्हणाला, "हां."

खोट्याचं एक असतं, ते एकटं राहत नाही. मेलेल्या रिनाला आता रोज बोलतं ठेवणं आलं. प्रत्येक गावात तिच्या तोंडी काहीतरी घालायचं, तिने काय खाल्लं, कुणाला चिडवलं. लढाईत जखमा भरायला ती नव्हती, म्हणून उमाकांत खेळातल्या दुकानातून औषधाच्या बाटल्या विकत घेऊन दिवाल्याला पाजत राहिला आणि भिलाला सांगत राहिला, रिनाचा मंत्र मोठ्या लढाईसाठी राखून ठेवलाय. वाईट म्हणजे, त्याला ते जमू लागलं. खेळातल्या रिनापेक्षा त्याची रिना जास्त हजरजबाबी होती. भिला जितका हसायचा, तितकं रात्री उमाकांतचं ताट भरलेलं राहायचं. घरी बायको संध्या विचारायची, "जेवन का बरं जास नही तुले?" तो म्हणायचा, दुकानात भजी खाल्ली. तेही खोटंच.

एकदा चहा ठेवताना रूपा मोबाइलवर वाकली. "काका, अठे तं दोनच जन चाली ऱ्हायनात," ती म्हणाली, नशिबाने हळू. उमाकांतने वर पाहिलं आणि त्याचं बोट आपसूक ओठांवर गेलं. पोरीचा चेहरा पार उतरला. तिने ते बोट ओळखलं होतं. ती कप तिथेच ठेवून आत गेली, आणि उमाकांतला वाटलं, उठावं आणि तापीत जाऊन उडी टाकावी. एकाच पोरीला तिच्याच बापाशी दुसऱ्यांदा गप्प केलं होतं त्याने, आणि या वेळी सांगणारे चुलते नव्हते, डॉक्टर नव्हते. हे सगळं त्याचं एकट्याचं होतं.

तरी त्याने सांगितलं नाही. उद्या सांगू म्हणता म्हणता खेळ संपत आला. शेवटच्या किल्ल्याच्या दारात टोळी उभी राहिली, इकडे सूर्य कलला होता, गल्लीतून म्हशी घराकडे चालल्या होत्या. उमाकांत रिनाच्या तोंडी एक छानसं वाक्य जुळवत होता.

"एक इचारू?" भिला म्हणाला. "रिना धरनपाशीच मरी गयी ना?"

उमाकांतने खेळ तिथेच थांबवला.

"तिन्हा मंतरना आवाज मी वळखस," भिला म्हणाला. "त्या दिनपाईन तो वाजना नही. बाटल्यासना बुच उघडाना आवाज येस नुसता."

"मंग तू बोलना का बरं नही?"

"तू मन लाईसन सांगी ऱ्हायना व्हता." भिलाचा आवाज चढला नाही, पण पुढचे शब्द दाताखालून आले. "माले रडू देवानं का नही, हाई कोन ठरावस रे, उमा? त्या येळे डोया वाचाडना व्हतात. डोया तं गयात. आते काय वाचाडी ऱ्हायना तू?"

भिलाचे डोळे गेल्यावर उमाकांतने काय वाचवलं होतं, तर स्वतःला. मित्राचं रडणं बघायला लागू नये म्हणून त्याने मेलेली पोरगी नाचवली होती. हे त्याला इतकं स्वच्छ आधी कधी कळलं नव्हतं, आणि कळल्यावर भिलाकडे बघवेना.

"यामझार मांगे जाता येस का?" भिलाने मोबाइल चाचपत विचारलं.

"येस."

"मंग जाय. जसं घडनं तसं सांग."

धरणाच्या आधीची एक नोंद मोबाइलमध्ये राहिलेली होती. उमाकांतने ती उघडली. रिना पुन्हा चालू लागली, दिवाल्याच्या मागे मागे. वाटेत एक लांडगा आडवा आला, तिने मंत्र टाकला, आवाज आला, आणि भिलाचा चेहरा असा फुलला की उमाकांतला तिथेच थांबावंसं वाटलं. पण तो थांबला नाही. धरण आलं. दोघे भांडले. उमाकांत पडद्यावरचं एकेक वाक्य वाचून अहिराणीत सांगत गेला, आपलं काही न घालता. दार लागलं. पाणी आलं. संगीत बंद झालं, नुसता पाण्याचा आवाज राहिला.

"भुयार?" भिलाने विचारलं. सगळं माहीत असून विचारलं.

"नही. भुयार नही. ती मझारच ऱ्हायनी."

भिला रडला. आधी खांदे हलले, मग तोंडातून आवाज फुटला, मोठ्या माणसाचा, गल्लीत ऐकू जाणारा. बुबुळं गेलेल्या डोळ्यांतूनही पाणी येतं हे उमाकांतला माहीत नव्हतं. रूपा हातातलं पीठ तसंच घेऊन धावत बाहेर आली.

"काय व्हयनं, काका?"

उमाकांतने तोंड उघडण्याआधी भिलाच म्हणाला, "गयी वं, बेटा. एकली ऱ्हायनी आन् गयी."

कुणाबद्दल, ते पोरीने विचारलं नाही. ती बापाच्या शेजारी खाली बसली, पिठाच्या हातांनी तिने त्याला धरलं आणि "मायवं" म्हणून हंबरडा फोडला. दोन वर्षं तोंडात कोंबलेला तो बोळा आता निघाला. शेजारच्या जमनाबाई आवाज ऐकून दळण टाकून आल्या. ओट्याच्या पायरीशी थबकल्या, बापलेकीकडे पाहिलं, आणि कुणाला काही न विचारता डोक्यावर पदर ओढून रूपाच्या पाठीशी बसल्या. मागून गल्लीतल्या आणखी दोघी आल्या, त्याही बसल्या.

उमाकांतने मोबाइल बंद केला. त्यालाही रडू येत होतं, पण आपल्याला इथे रडायचा काय हक्क, असं वाटून त्याने ते गिळलं. आपण दोन वर्षं अडवून धरलेलं दार आज उघडलंय, आणि आपणही दारावर आलेल्यांपैकीच एक, एवढंच त्याला समजत होतं. तो मान खाली घालून बसून राहिला, गल्लीत अंधार उतरेपर्यंत.

दारावर गेलेल्या माणसाने उठताना "येतो" म्हणायचं नसतं. उमाकांत उठला, चपला पायात सरकवल्या आणि काही न बोलता घराकडे निघाला.