बाळदादाने न घातलेला फेरा

बनारसला दुर्गाघाटाच्या आमच्या गल्लीत मधोमध मारुतीचं छोटं देऊळ होतं. सगळे जवळच्या बाजूने निघून जायचे. माझा चुलतभाऊ बाळदादा मात्र मारुती उजव्या हाताला ठेवूनच पुढे जायचा. त्या बाजूला सांड बसलेला असला, तर तो उठेपर्यंत थांबायचा. त्याच्याबरोबर सिनेमाला जाणं म्हणजे सुरुवात हमखास चुकणं.

मी विद्यापीठात शिकायला काकांकडे राहिलो होतो. काका भिक्षुक, यात्रेकरूंची श्राद्धकर्मं चालवायचे. बाळदादा, त्यांचा एकुलता मुलगा, त्यातच वाढलेला, पण त्याने तळमजल्यावर कम्प्युटरचा क्लास काढला होता. चपला बाहेर, हात धुऊनच आत. पोरं हसली की म्हणायचा, "हसा लेको. मशीन बिघडली तर बाबांच्या मंत्रांनी नाही चालणार."

कुणीतरी दिलेल्या फ्लॉपीवर एक विचित्र खेळ होता. ना बंदूक, ना शत्रू. ओसाड बेटावर एक माणूस एकटाच हिंडतो, बगळ्यांना वाट विचारतो, आणि बगळे खुशाल खोटं बोलतात. आम्ही दोघं त्या खेळापायी खुळे झालो होतो. दुपारी पोरं गेली की बसायचो, तेही धास्तीने. बिजली गेली की सगळं पहिल्यापासून. "बगळे आपल्या घाटावरचेच दिसतात," दादा म्हणायचा. "दोनदा विचारल्याशिवाय खरं सांगत नाहीत."

बेटाच्या मध्यावर एक गोल कुंड होतं. त्याला फेरा घातला की पाण्यातून जिना वर येणार, असं बगळ्याने सांगितलं होतं. दादाने पाणी उजव्या हाताला ठेवून कितीतरी फेरे घातले. काही होईना.

"उलट घालून बघ," मी म्हटलं.

दादाने कळांवरून हात उचलला. "ते पितरांचं. उलट फेरे चितेला घालतात. माझे बाबा आहेत अजून."

"दादा, ही मशीन आहे."

"हात तर माझाच आहे ना."

त्याच दिवसांत काकांना हृदयाचा झटका येऊन गेला होता. ते वरच्या खोलीत झोपून असत आणि भांडं वाजलं तरी आम्ही दचकून वर बघायचो. एका दुपारी मी हट्टाने दुसऱ्या बाणाच्या कळेकडे हात नेला. दादाने मनगट असं आवळलं की वळ उठले. तेवढ्यात वरून धप्प आवाज आला. दादा जिन्याकडे धावला. इतका घाबरलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही. काकांच्या हातून उशाचा तांब्या पडला होता, एवढंच. खाली आल्यावर दादाने मशीन बंद केली. "तू नाही समजणार," म्हणाला. मला राग आला होता आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली होती. तो खेळ त्याने पुन्हा लावला नाही.

काका हळूहळू बरे झाले. पुढच्या पावसाळ्यानंतर दादाला कावीळ झाली. त्याने ती अंगावर काढली आणि त्यातच तो गेला. लग्न झालं नव्हतं, म्हणून मणिकर्णिकेवर अग्नी काकांनीच दिला. जन्मभर दुसऱ्यांना सांगितलेले मंत्र त्या दिवशी त्यांना आठवत नव्हते.

वर्षश्राद्धाला मी पुन्हा बनारसला गेलो. दुपारी तळमजल्यावर जाऊन तोच खेळ लावला. बगळ्यांना चुकवत कुंडापाशी पोचलो आणि माझा हात थांबला. माझेही वडील हयात होते.

काका मागे कधी येऊन उभे राहिले, कळलं नाही. "बाळ हेच खेळायचा?"

मी त्यांना सगळं सांगितलं. कुंड, फेरा, त्याने न दाबलेली कळ. काका खुर्चीवर टेकले.

"बरोबरच केलं त्याने," ते म्हणाले. "मी होतो ना."

मग त्यांनी विचारलं, "कुठली कळ?"

मी दाखवली. त्यांनी श्राद्धाला घेतात तसं जानवं उजव्या खांद्यावर घेतलं आणि बोट कळेवर ठेवलं. पडद्यावरचा माणूस कुंडाभोवती उलट चालू लागला. पाणी हललं, जिना वर आला. तरी काकांनी बोट उचललं नाही. तो माणूस फिरतच राहिला.