गोऱ्याचा रुमाल आणि मामांचा पांढरा

अमेरिकेत गोऱ्या-गोऱ्यांची लढाई जुंपली आणि आमच्या कापसाला असा भाव आला, की वऱ्हाडात बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या. मामांच्या पांढऱ्या बैलाच्या शेंब्या तर अशा लखलखायच्या, की गाडी अमरावतीहून निघाली की अकोल्यात दिसायची. मामांना मूलबाळ नव्हतं, पांढरा होता.

त्या हंगामात मामा आणि मी कापूस घेऊन अकोल्याला गेलो. बाजारामागच्या बोळात फ्रान्सच्या एका गोऱ्यानं खानावळ काढली होती. बोळ इतका अरुंद, की पांढऱ्याला बोळाच्या तोंडाशीच बांधलं आणि मामांना मिशा मिटून आत शिरावं लागलं. गोरा आपल्या आईच्या रीतीनं कांद्याचं सार करी आणि त्यात पाव बुडवून देई. गावात आम्ही सांगितलं, नुसतं पाणी प्यालो, तेही आपल्या लोट्यातलं.

मामांच्या गुडघ्याला गुडघा लावून एक हेड्या बसला. बैलांचा व्यापार करणारा. सकाळी त्यानं मला पांढऱ्याबद्दल विचारलं होतं आणि मी 'मामांशी बोला' म्हणून सुटलो होतो. मामांना सांगायचं मात्र राहिलं. ते कांद्याचं सारच तसं चवदार होतं.

गोऱ्यानं दोघांच्या मांड्यांवर मिळून एक भलामोठा रुमाल पसरला, कपड्यांवर सांडू नये म्हणून. आमच्या बाजारात रुमाल पसरला की सौदा सुरू. भाव तोंडानं कुणी बोलत नाही, रुमालाखाली बोटं दाबतात. मामांना वाटलं, शेजारचा कापूस मागतोय. हात आत गेले, बोटं दाबली, माना हलल्या.

हेड्या उठला. "पांढऱ्याचा कासरा सोडा, पाटील."

"कापसात बैल काहून आला?"

"मी का कापूस खातो? सौदा बैलाचा झाला."

रुमालाखालचा शब्द मोडला तर पुन्हा कुणी हात देत नाही. पाळला तर पांढरा गेला. मामांनी तिसरी वाट धरली. साराचं उकळतं भांडं हेड्याच्या तोंडावर ओतलं. त्यानं बाकडं फिरवलं. मामांचे दोन दात उडून माझ्या वाडग्यात पडले. मी हेड्याची पोटरी चावली, त्यानं माझी बरगडी मोडली. आधी भिंतीचे पोपडे पडले, मग भिंत. हेड्या सुरी काढून कासरा कापायला धावला, तेव्हा मामांनी त्याचा गळा धरला. त्याचं तोंड निळं पडलं, डोळे बाहेर आले, तरी मामा सोडेनात. तिथं माझी मस्ती उतरली.

"मामा, रुमाल ज्याचा, दलाल तो," मी म्हणालो. "त्याले विचारा ना."

दलालाचा शब्द शेवटचा, हे दोघांनाही ठाऊक. मामांची बोटं सैल झाली. दोन्ही रक्ताळलेली तोंडं गोऱ्याकडे वळली. तो लाल झालेला रुमाल छातीशी धरून रडत होता. मराठीतला एकच शब्द त्याला येत होता; सारात तिखट मागणाऱ्यांसाठी शिकलेला.

"नाही," तो म्हणाला.

हेड्यानं गळा चोळला, रक्त थुंकलं. "दलाल नाही म्हनते त नाही." आणि निमूटपणे गेला.

मामांनी माझ्या वाडग्यातून दात काढले, गोऱ्याच्या हातून रुमाल घेऊन त्यात बांधले आणि पांढऱ्याच्या गळ्यात पडले. रुमाल काही त्यांनी परत दिला नाही. पुढे ते सगळे सौदे त्याच रुमालाखाली करत, पण हात आत घालण्याआधी मोठ्यानं विचारत, "कापूस का बैल?"